पगडीचं दुसरं टोक

पंजाबातल्या एखाद्या शीख लग्नाची चित्रफीत पाहा. नवरदेवाच्या डोक्यावर गुलाबी पगडी, हातात किरपाण. ग्रंथसाहिबाभोवती चार लावां, म्हणजे चार फेरे, होतात आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की सगळे कडाह प्रसाद घेतात. आठवड्याभराने तोच मुलगा बाजारात भेटला तर चटकन ओळखू येणार नाही. डोकं उघडं, केस बारीक कापलेले, दाढी कोरलेली. मनगटातलं कडं मात्र जागच्या जागी.

क्रिकेट पाहताना आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडलेला असतो. हरभजन सिंगच्या डोक्यावर पटका, युवराज सिंगचे केस कापलेले, आणि दोघंही शीख. हे कसं? श्रद्धा उरली नसेल तर लग्नात पगडी कशासाठी? आणि श्रद्धा शाबूत असेल तर ती पगडी एरवी कपाटात का?

पंजाबात याची चिंता आज कित्येक दशकं व्यक्त होते आहे. गुरुद्वाऱ्यातले प्रचारक बोलतात, घरातली वडीलधारी मंडळी बोलतात, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती ठराव करते. पोरं केस कापतात, पहाटेचा पाठ कुणी करत नाही, गुरुमुखी वाचता येत नाही, अशी तक्रार असते. कारणं ठरलेली: सिनेमा, गाणी, नशा, कॅनडाचा नाद. ही कारणं अगदीच खोटी नाहीत, पण त्यांच्यात सगळा दोष पोराच्या मनावर टाकलेला असतो. धर्माचा आचार मुळात चालतो कसा हे नीट पाहिलं, तर दोष दुसरीकडेही दिसू लागतो.

नियम काय सांगतो

गुरू नानकांचा (1469–1539) भर नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणं यांवर होता. पोकळ कर्मकांडावर त्यांनी कडक टीका केली. पुढे 1699 च्या वैशाखीला आनंदपूर इथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापन केला. शिर द्यायला पुढे आलेल्या पहिल्या पाच जणांत, पंज प्याऱ्यांत, आपल्या शेजारच्या बिदरचे साहिबसिंगही होते. अमृत, म्हणजे खालशाची दीक्षा, घेणाऱ्याने पाच ककार धारण करायचे: केस, कंगवा, कडं, किरपाण आणि कछेरा. चार गोष्टी पूर्ण वर्ज्य: केस कापणं, हलाल पद्धतीचं मांस, व्यभिचार आणि तंबाखू. शिवाय पहाटे, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी ठरलेल्या बाणींचा, म्हणजे पवित्र रचनांचा, पाठ, त्याला नितनेम म्हणतात. हे सगळं आज ज्या लिखित आचारसंहितेत आहे, त्या ‘सिख रहत मर्यादे’ला प्रबंधक समितीने 1945 साली मंजुरी दिली.

म्हणजे शीख आचाराला दोन अंगं आहेत. पंजाबीत त्यांना बाणी आणि बाणा म्हणतात: एक जपायचं, एक ल्यायचं. बाणीची हेळसांड बाहेरून दिसत नाही. बाण्याची मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसते. म्हणून चिंतेची सगळी चर्चा केसांपाशी येऊन थांबते.

> चौकट: कोण कोणाला काय म्हणतात
>
> अमृतधारी: अमृतसंस्कार घेऊन पाचही ककार पाळणारा. अशांची संख्या एकूण समाजात कमीच असते.
>
> केशधारी: केस राखणारा, पगडी बांधणारा, पण अमृत घेतलेलंच असेल असं नाही.
>
> सहजधारी: गुरूंवर आणि ग्रंथसाहिबावर श्रद्धा ठेवणारा, पण केशधारी नसलेला.
>
> पतित: केशधारी असून केस किंवा दाढी कापणारा, किंवा अमृत घेऊन वर्ज्य गोष्ट करणारा. शब्द कठोर आहे आणि गुरुद्वारा कायद्यातही आलेला आहे.
>
> मोना: केस कापलेल्या शिखाला बोलीत सर्रास वापरला जाणारा शब्द.

एक पगडी, अनेक हात

आता पगडी प्रत्यक्ष कशी बांधतात ते पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे.

आधी कमरेपर्यंतचे केस कंगव्याने विंचरून, पिळून, टाळूवर त्यांचा जुडा बांधायचा. त्यावर कपाळालगत एक लहान पट्टी आवळून बसवायची, तिला ‘फिफ्टी’ म्हणतात. मग मुख्य कापड. पाचसहा मीटर लांबीचं मऊ सुती व्हॉइल. पुष्कळदा दोन पन्हे मध्ये शिवून जोडलेले. हे कापड बांधण्यापूर्वी त्याची ‘पूणी’ करावी लागते. एका टोकाला एक माणूस आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांनी कापड ताणायचं, झटकायचं, घड्या एकमेकींवर बसवत नेऊन त्याची सरळ लांब पट्टी करायची. त्यानंतर एक टोक दातांत धरून बांधणारा एकेक ‘लड’ डोक्याभोवती चढवतो. दोन्ही बाजूंचे पदर एकसारखे उतरले पाहिजेत. शेवटी सळईने कडेचे केस आणि कापड आत खोचायचं.

पूणीला दोन माणसं लागतात. एकत्र कुटुंबात भाऊ, बाप, आजोबा, कुणीतरी हाताशी असतंच. शहरातल्या दोन खोल्यांत एकटा राहणारा मुलगा दुसरं टोक दाराच्या कडीला बांधतो. निभावतं, पण वेळ लागतो, आणि आठची शिफ्ट थांबत नाही.

मुलाच्या बाबतीत तर सगळा भार दुसऱ्यावर असतो. पाचसात वर्षांचा मुलगा स्वतःचे कमरेएवढे केस विंचरू शकत नाही. ते काम आईचं किंवा आजीचं. केस धुणं, वाळवणं, तेल लावून गुंता काढणं, जुडा घालणं, त्यावर पटका बांधणं. हिवाळ्यात पंजाबची थंडी कडाक्याची; ओले केस वाळायला दुपार जाते. शाळेची बस सकाळी सातला. आई नोकरीला जाणारी असेल, आजी गावी असेल, मूल वसतिगृहात असेल, तर हे कुणी करायचं? पुष्कळ घरांत मुलाचे केस पहिल्यांदा कापले जातात ते या अडचणीपोटी. त्या वेळी कुणीही ‘आम्ही धर्म सोडला’ असं म्हणत नाही. ‘मोठा झाला की ठेवील’, असंच म्हणतात.

इथेच गोष्ट हातातून जाते. आचार हा विरजणासारखा असतो. आजचं दही लागायला कालच्या दह्याचा चमचा हवा; एक दिवस भांडं पूर्ण रिकामं झालं की घरात दूध कितीही असो, शेजारी जावं लागतं. ज्या बापाने स्वतः कधी जुडा बांधला नाही, तो मुलाला पगडी शिकवू शकत नाही. मुलगा मोठा झाल्यावर कुटुंबातला वडीलधारा माणूस त्याच्या डोक्यावर पहिली पगडी चढवतो, त्याला दस्तारबंदी म्हणतात. तो समारंभ शिकवणीचाही असतो. एक पिढी गळली की पुढच्या पिढीची श्रद्धा असूनही तिचे हात कोरे राहतात.

नितनेमाचंही तसंच. पहाटे आजोबा मोठ्याने जपजी म्हणायचे, अंथरुणात पडल्या पडल्या पोरांना तो पाठ व्हायचा. कुणी शिकवायला बसत नव्हतं. आजोबा वेगळ्या घरात गेले आणि ती आपोआप होणारी शिकवणी थांबली.

तंबाखू का नाही शिरली

हे खरं असेल तर मेहनत न मागणारे नियम टिकायला हवेत. ते टिकलेही आहेत. 2016-17 च्या प्रौढांमधल्या तंबाखू सर्वेक्षणात देशभरातलं प्रमाण 28.6 टक्के निघालं आणि पंजाबातलं 13.4 टक्के. राज्यात सगळेच शीख नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार शिखांचं प्रमाण 57.7 टक्के. पण तंबाखूबद्दलची घृणा तिथल्या हवेतच आहे. केस कापलेला, दारू पिणारा शीख तरुणही सिगरेट पेटवताना बिचकतो.

दारूही रहत मर्यादेत निषिद्धच आहे. पण चार मोठ्या पापांत तिची गणना नाही, आणि गावात दारू पिणाऱ्याकडे कुणी तशा नजरेने पाहत नाही. म्हणजे नियम पुस्तकात असणं पुरेसं नसतं. तो मोडणाऱ्याकडे शेजारी कसे बघतात आणि तो पाळायला रोज किती खर्च येतो, या दोन गोष्टींवर त्याचं आयुष्य ठरतं. तंबाखू न ओढायला काहीच लागत नाही आणि मोडणाऱ्याला टोमणे बसतात. कडं एकदा घातलं की झालं. लंगरची सेवा सगळ्यांबरोबर करायची असते आणि तीत आनंद असतो. केसांचं उलटं झालं. रोजची मेहनत तशीच राहिली, आणि वर्गातली निम्मी पोरं केस कापलेली दिसू लागल्यावर शेजाऱ्यांची नजरही बोथट झाली.

लग्नातल्या पगडीचा उलगडाही यातच होतो. त्या दिवशी बांधून देणारा कारागीर येतो, सगळं घर भोवती असतं. जी गोष्ट रोज एकट्याने करणं जड जातं, ती एक दिवस सगळ्यांच्या हातांनी होते.

ही भीती दीडशे वर्षं जुनी

1849 मध्ये रणजितसिंगांचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्यानंतर अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की हा पंथ आता हळूहळू विरून जाणार. 1873 मध्ये अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचा मनोदय जाहीर केला आणि समाज हादरला. त्यातून सिंग सभा उभी राहिली. तिच्या लोकांनी पोरांना नुसतं रागावण्यात वेळ घालवला नाही. शाळा काढल्या, छापखाने चालवले, 1892 मध्ये अमृतसरला खालसा कॉलेज सुरू झालं, 1905 मध्ये दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, परिक्रमेतून मूर्ती हलवल्या गेल्या, 1909 मध्ये आनंद विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. आज ज्याला आपण परंपरागत शीख आचार समजतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना घट्ट आकार त्या चाळीस वर्षांत आला.

आणि याच काळात पलटणीही होत्या. इंग्रजी सैन्याने शीख पलटणींत भरती होणाऱ्याला अमृत घेण्याची आणि केस राखण्याची अट घातली. केसांना पगार जोडला गेला. अमृतसंस्कार पलटणीत होत, ग्रंथी पलटणीत असे. देशातली शिखांची नोंद 1881 मध्ये अठरा लाखांवर होती, ती 1921 मध्ये बत्तीस लाखांवर गेली. यात जन्मदराचा वाटा थोडा. कुणाला शीख म्हणून नोंदायचं याचे जनगणनेचे निकषही मधल्या काळात सैल झाले, आणि सिंग सभेच्या कामामुळे लोक स्वतःची नोंद शीख म्हणून करू लागले.

1984 मध्ये चाक पूर्ण उलटं फिरलं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसार, 2,733 शीख मारले गेले. जमाव पगडी पाहून माणूस ओळखत होता. आयांनी मुलांचे केस स्वतःच्या हाताने कापले. काहींनी वेण्या घालून मुलग्यांना फ्रॉक चढवले. पुढच्या दहा वर्षांत पंजाबात केशधारी तरुण दोन्हीकडून भरडला गेला. अतिरेकी पोशाखाचे हुकूम काढत होते, आणि पोलिस नाक्यावर मोकळ्या दाढीचा तरुण आधी संशयित ठरत होता. त्या वर्षांत कापलेले केस फॅशनच्या खात्यात टाकणं हा फार मोठा अन्याय आहे.

परदेशातली उलटी चाल

1950 च्या दशकात ब्रिटनच्या कारखान्यांत गेलेल्या बहुतेक शिखांनी कामासाठी केस कापले. बायकामुलं मागाहून आली, घरं झाली, गुरुद्वारे झाले, आणि पगड्या परतू लागल्या. 1967 मध्ये वुल्वरहॅम्प्टनमधला एक बसचालक आजारपणानंतर दाढी आणि पगडीसह कामावर आला. त्याला परत पाठवलं गेलं. दोन वर्षं लढा चालला आणि 1969 मध्ये बंदी उठली. 1976 मध्ये पगडीवाल्याला मोटारसायकलवर हेल्मेटमधून कायद्याने सूट मिळाली. 1983 मध्ये एका शाळकरी मुलाच्या पगडीवरून हाउस ऑफ लॉर्ड्सने शिखांना वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण दिलं. कॅनडात 1990 मध्ये घोडदळी पोलिसांच्या गणवेशात पगडी आली.

पंजाबात जे गळत होतं ते वँकुव्हर आणि बर्मिंगहॅमच्या परिसरात घट्ट होत होतं, याचं कारण मला सरळ दिसतं. जालंधरजवळच्या गावात ‘तू कोण?’ असं कुणी विचारत नाही. शीख असणं तिथे श्वासाइतकं गृहीत आहे. परक्या देशात ते रोज सांगावं लागतं. आणि तिथला गुरुद्वारा मुलांना रविवारी गुरुमुखी, कीर्तन, तबला, पगडी बांधणं, सगळं शिकवतो. जे काम घरातल्या आजोबांचं होतं ते संस्थेने अंगावर घेतलं. सगळीकडे असं झालं नाही. 2001 नंतर अमेरिकेत पगडीमुळे हल्ले झाले, तेव्हा तिथेही काहींनी केस उतरवले.

दार कुणासाठी उघडं

घर सैल झालं तेव्हा पंजाबातल्या संस्थांनी काय केलं? इथे मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. प्रबंधक समितीचा जन्मच दार उघडण्यातून झाला होता. ऑक्टोबर 1920 मध्ये दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद दरबार साहिबातल्या पुजाऱ्यांनी आधी नाकारला. ग्रंथसाहिब उघडून हुकूम घेतला गेला, तो दलित शिखांच्या बाजूने निघाला, पुजारी हटले आणि महिन्याभरात समिती स्थापन झाली. पण पंजाबातल्या अनेक गावांत आजही जातीनुसार वेगळे गुरुद्वारे आणि वेगळ्या स्मशानभूमी आहेत. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण 31.9 टक्के, देशात सर्वाधिक. मोठ्या गुरुद्वाऱ्यात मान मिळाला नाही तेव्हा यातले पुष्कळ लोक डेऱ्यांकडे, म्हणजे वेगळ्या गुरूंच्या पंथांकडे, गेले. 2010 मध्ये डेरा सचखंड बल्लांने वेगळा रविदासिया धर्मच जाहीर केला. ही गळती पगडीच्या गळतीपेक्षा कितीतरी खोल आहे.

मताधिकाराचंही तेच. सहजधारींना समितीच्या निवडणुकीत 1944 पासून मत होतं. 2003 मध्ये ते काढलं गेलं, उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती अधिसूचना रद्द केली, आणि 2016 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून मत पुन्हा काढलं, तेही 2003 पासून लागू धरून. ज्यांच्या घरी पगडी पुन्हा येण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं.

आचार मोजायचा तर एकाच फूटपट्टीने मोजणंही बरोबर नाही. आपल्या नांदेडचंच उदाहरण घ्या. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवण्यापूर्वी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं ते इथेच. तिथल्या तख्त सचखंड हजूर साहिबची स्वतःची जुनी मर्यादा आहे. दिव्यांनी आरती होते, जी अमृतसरच्या लिखित मर्यादेला मान्य नाही. तरी हजुरी शिखांना आचारात कमी कोण म्हणेल?

त्याच रहत मर्यादेत असंही लिहिलं आहे की मुलीची हत्या करणाऱ्याशी शिखाने संबंध ठेवू नयेत. 2001 च्या जनगणनेत शिखांमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 786 मुली होत्या. 2011 मध्ये 828. दोन्ही वेळा देशातल्या सर्व प्रमुख धर्मांत सर्वांत कमी. शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अकाल तख्ताने स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध हुकूमनामा काढला, तरी केसांच्या चर्चेइतकी ही चर्चा घराघरांत होत नाही. माझ्या लेखी आचाराचा याहून मोठा भंग दुसरा नाही.

ज्या हातांनी जुडा बांधला

आता प्रयत्न सुरू आहेत. सुट्टीतली गुरमत शिबिरं, पगडी बांधण्याच्या स्पर्धा, शहरोशहरी पगडी शिकवणारे वर्ग. 2021 मध्ये प्रबंधक समितीने ‘घर घर अंदर धर्मसाल’ ही मोहीम घेऊन प्रचारक गावोगाव पाठवले. 2023 मध्ये समितीने दरबार साहिबचं कीर्तन स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर सुरू केलं. शिबिरात दहा दिवसांत पगडी येते. पण मुलाचे केस वाढायला वर्षं लागतात आणि ती वर्षं रोज सकाळी त्याच्या डोक्याशी बसणारी बाई घरात लागते. प्रचाराच्या व्यासपीठावर मात्र ती जवळपास दिसतच नाही.

रहत मर्यादेनुसार स्त्री पंज प्याऱ्यांत बसू शकते. 1999 मध्ये बीबी जागीर कौर समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. तरी दरबार साहिबच्या आत कीर्तन पुरुष रागीच करतात. नोव्हेंबर 2019 मध्ये पंजाब विधानसभेने स्त्रियांना तिथे कीर्तनाची परवानगी द्यावी असा ठराव केला. प्रथा तीच राहिली. ज्यांना खरोखर सिक्खीच्या उद्याची काळजी आहे, त्यांनी केस कापलेल्या मुलाला जाब विचारण्याआधी हा ठराव हातात घेऊन समितीच्या दारात उभं राहावं, असं मला वाटतं.